मूळ आकडा

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला ड्वेन कुचेराला एक शब्द आठवला नाही. अमेरिकन फुटबॉलच्या सरावाच्या मैदानावर तो चेंडूवर वाकलेला होता. उजव्या हाताची बोटं चेंडूच्या शिवणीवर नेहमीच्या जागी बसली होती, पाय रुतले होते, आणि मान वर करून तो समोरच्या फळीकडे बघत होता. त्याला सगळं दिसलं होतं. डावीकडच्या आडदांड गड्याने वजन पुढच्या पायावर घेतलंय, त्याच्या मागचा दोन पावलं आत सरकलाय. म्हणजे डावीकडून एक जण जास्तीचा येणार, म्हणजे आपल्या पाचही जणांनी डावीकडे सरकून भिंत धरायची. हे ओळखायचं काम सेंटरचं, म्हणजे मधोमध वाकून चेंडू मागे देणाऱ्या ड्वेनचं, आणि ओळखलेलं एका शब्दात ओरडून सांगायचं कामही त्याचंच. शब्द म्हणजे शहरांची नावं. अमेरिकेच्या नकाशात डावीकडचं शहर ओरडलं की डावीकडे, उजवीकडचं ओरडलं की उजवीकडे. शहरं एकूण चार. अकरा वर्षं तो ती ओरडत आला होता. त्याने तोंड उघडलं, आणि तिथे काहीच नव्हतं.

चुकीचा शब्दही नव्हता. चुकीचा असता तर त्याला एवढं वाटलं नसतं. चुका सगळेच करतात. दाढ काढली की जीभ पुन्हापुन्हा त्या खड्ड्यात जाऊन येते, तसं त्याचं मन त्या जागी गेलं, जागा गुळगुळीत आणि कोमट लागली, आणि ते परत आलं. दोन सेकंद गेले असतील. मग पाठीमागे उभा असलेला तेव्हिन, त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, ज्याला ही भिंत राखते, स्वतःच ओरडला, “रीनो! रीनो!” लगेच चेंडू ड्वेनच्या पायांमधून नेमका तेव्हिनच्या हातात गेला आणि पाच जणांची भिंत डावीकडे सरकली. हातापायांना काही सांगावं लागलं नव्हतं.

“काय म्हातारबा, डुलकी लागली?” शेजारचा ओटिस म्हणाला. दीडशे किलोचा ओटिस हसायला लागला की आधी त्याचं पोट हसायचं.

“वाकला की झोपतो तो,” तेव्हिन म्हणाला. “माझा आजाही चर्चमध्ये असाच. फक्त तो घोरतो.”

“तुझी परीक्षा घेत होतो, पोरा,” ड्वेन म्हणाला. “म्हटलं, नकाशा येतो का तुला बघावं.”

सगळे हसले. थंडीत प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघाली आणि हसण्याची जागा घेऊन हवेत थोडा वेळ राहिली. कोच ओडेल मात्र हसले नाहीत. सराव संपल्यावर ते जवळ आले आणि बर्फाकडे बघत म्हणाले, “शुक्रवारी डॉक्टर आल्टरबाईंकडे जाऊन ये. नुसता कागद. रविवारी तुझ्या डोक्याला गुडघा लागला होता. फायनलच्या आधी वरून कुणी विचारलं तर हातात असलेला बरा.”

“काही झालेलं नाही, कोच.”

“म्हणून तर म्हणतोय. नुसता कागद.”

फायनल अकरा दिवसांवर होती. टोलेडोच्या संघाने एक्केचाळीस वर्षांत ती एकदाही जिंकलेली नव्हती, तो आजवर एकदाही तिथवर पोहोचलेलाही नव्हता. शहर काचेच्या कारखान्यांवर उभं राहिलेलं, म्हणून बाहेरचे त्यांना काचवाले म्हणायचे, आणि हरले की ‘फुटले’ म्हणायचे. या हिवाळ्यात घराघराच्या खिडकीत लोकांनी निळ्या काचेच्या बाटल्या मांडल्या होत्या, प्रत्येक विजयाला एक. घरी परतताना ड्वेन त्या मोजत गेला. मोजता मोजता मनातल्या मनात चार शहरं म्हणत गेला. रीनो, ऑल्बनी, टकोमा, सव्हाना. आली. चारही आली. पुन्हा उलट्या क्रमाने आली. नदीवरच्या पुलावर त्याने ती मोठ्याने म्हटली, तेव्हा समोरची काच धुरकट झाली. आहेत, म्हणजे मी आहे. पण सकाळी अकरा वाजता ती नव्हती, तेव्हा कोण होतं? हा प्रश्न त्याने पूर्ण होऊ दिला नाही. गाडी घराच्या आवारात लावून तो बराच वेळ आत बसून राहिला. शेरीने, त्याच्या बायकोने, दारातून हात केला, तेव्हा त्याने फोनवर बोलत असल्यासारखं केलं.

मिस्टर लोवेल नऊ वर्षांपूर्वी संघ बांधायला आले, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की ते धावणारे आणणार, फेकणारे आणणार. त्यांनी पहिली चार वर्षं फक्त भिंत बांधली. पाच माणसं. “फेकणारा वर्षभरात मिळतो,” ते म्हणाले होते, “भिंत मुरावी लागते.” ड्वेन तेवढा आधीपासूनचा, बाकी चार जण त्यांनी एकेक करून त्याच्या दोन्ही बाजूंना आणून लावले. एकाला मिशिगनहून, एकाला सामोआहून, ओटिसला एका संघाने सोडून दिलेलं असताना. पाचही जणांनी दर गुरुवारी एकत्र जेवायचं, एकत्र प्रवास करायचा, विमानात शेजारी बसायचं. आता ड्वेनने नुसता श्वास रोखला तरी ओटिसच्या खांद्याला तो कळतो. मग दोन वर्षांपूर्वी त्या भिंतीमागे तेव्हिन ब्रॉडनॅक्सला उभं केलं, जॉर्जियातल्या लहानशा गावातला, वीस पावलांवरून खिडकीतल्या बाटलीत चेंडू घालील असा. वर्तमानपत्रं सध्या रोज लिहीत होती की असा संघ उभारायला काय लागतं: नजर लागते, संयम लागतो, शिस्त लागते, थोडं नशीब लागतं. ड्वेन ते सगळं वाचायचा. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट नव्हती, आणि ती लिहिणाऱ्यांना ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं.

ती त्याला लायलने सांगितली होती. लायल ओस्टरगार्ड त्याच्या आधीचा सेंटर. ड्वेनच्या पहिल्या जुलैमध्ये दोघं बर्फाच्या पाण्याच्या टाक्यांत शेजारी शेजारी बसलेले होते, दात वाजत होते. दुसऱ्या दिवशी संगणकावरची परीक्षा होती. ती दर जुलैला होते, हंगाम सुरू होण्याआधी, कुणाचंच डोकं आपटलेलं नसतं तेव्हा. शब्द दाखवतात, ते मागाहून विचारतात; आकडे उलटे म्हणायला लावतात; चौकटीचा रंग बदलला की बटण दाबायचं. सगळ्याचा मिळून एक आकडा निघतो. तो मूळ आकडा. पुढे कधी डोक्याला मार लागला की पुन्हा बसवतात, नवा आकडा मूळ आकड्याशी ताडतात, खाली गेला असला तर बाहेर बसवतात.

“उद्या हुशारी दाखवू नकोस,” लायल म्हणाला होता.

“म्हणजे?”

“पंधरा शब्दांतले तेरा आठवले तर नऊ सांग. रंग बदलला की मनात एक म्हण, मग बटण दाब. खाली उतरायला चार पायऱ्या ठेव स्वतःला. नाहीतर मोठ्या सामन्याच्या आधी डोकं दुखलं की बसशील घरी, आणि तुझ्या जागी कुणीतरी पोरगा वाकेल.”

“आणि पकडलं तर?”

“मूर्ख दिसलास तर यंत्र पकडतं. मूर्ख दिसायचं नाही. आळशी दिसायचं.”

ड्वेनला ते जमलं. इतकं जमलं, की पुढे त्याला त्याचा अभिमान वाटायला लागला. दरवर्षी तो नेमका तेवढाच आळशी व्हायचा. एकसष्ट, साठ, एकसष्ट, एकसष्ट. नेब्रास्कात त्याचे वडील धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी काम करायचे. आलेला प्रत्येक ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरलेला. रिकाम्याचं वजन चुकलं की पुढची सगळी वजनं चुकली, असं वडील सांगायचे, आणि एकदा ट्रकच्या सीटखाली दगड लपवून रिकामा म्हणून तोलून घेणाऱ्या माणसाला त्यांनी पुन्हा कोठाराच्या फाटकात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. ही गोष्ट ड्वेनला लायलच्या शेजारी टाकीत बसलेला असतानाच आठवली होती. आठवली, आणि थंडी वाजली, आणि त्याने ती बर्फाच्या पाण्यावर ढकलली. गेल्या जुलैत त्याने तीच युक्ती तेव्हिनला सांगितली. नाश्त्याच्या टेबलावर, ओटची लापशी खाता खाता, थोरल्या भावाने द्यावी तशी. “आळशी दिस,” तो म्हणाला, आणि तेव्हिनने डोळा मारला. त्या दिवशी ड्वेनला वाटलं होतं, आता हा पोरगा खरा आपल्यातला झाला.

गुरुवारी दुपारी पाच जणांचं जेवण झालं, तेव्हा त्याने हंगेरियन खानावळीतून पाप्रिका घातलेल्या कोंबडीच्या रश्श्याचा एक डबा जास्तीचा बांधून घेतला आणि लायलकडे गेला. मोठ्या सामन्याआधी जुन्या सेंटरला जेवण पोचवायचं, ही भिंतीतली रीत होती. ड्वेन चौदा महिन्यांत तिकडे फिरकला नव्हता. लायल सेहेचाळीसचा. बेव्हने, त्याच्या बायकोने, दार उघडलं आणि म्हणाली, “ये बाबा. आज बरा दिवस आहे.” लायल स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, दाढी नीट केलेली, स्वेटरची बटणं नीट लावलेली. त्याने ड्वेनकडे पाहिलं आणि अदबीने अर्धा उठला.

“या. तुम्ही घर तापवायची भट्टी दुरुस्त करायला आलात ना? रात्रभर आवाज करते हो ती.”

“मी ड्वेन, लायल.”

“हो हो. बसा. तळघरात आहे ती.”

बेव्ह पाठमोरी होऊन डबा उघडायला लागली. ड्वेन बसला. टेबलावर मिठाची बाटली होती, मिरपुडीची होती, चमचे होते, केचप होतं. हात रिकामे ठेववेनात म्हणून त्याने ती उचलली आणि मांडायला लागला: चार चमचे पुढे, त्यांच्या मागे मीठ आणि मिरपूड, बाजूला केचप. बुधवारची फळी होती ती. तो हेतू धरून काही करत नव्हता. त्याने मिरपुडीची बाटली दोन बोटं आत सरकवली.

“रीनो,” लायल म्हणाला.

ड्वेनने वर पाहिलं. लायल टेबलाकडे बघत होता आणि त्याचे डोळे जागच्या जागी आले होते. ड्वेनने चमचे उचलून पुन्हा मांडले. “ऑल्बनी,” लायल म्हणाला, चमचे ठेवून होण्याआधी. पुन्हा मांडले. “टकोमा.” पुन्हा. “सव्हाना. नाही, थांब.” त्याने जाडजूड बोट मिठाच्या बाटलीवर ठेवलं. “हा थापा मारतोय. पुढे येतोय असं दाखवतोय, येणार नाही. तो बघ, केचप येणार. रीनो.” ड्वेनला ते दिसलं नव्हतं. लायलने सांगितल्यावर दिसलं. अकरा वर्षं ज्याच्याकडून शिकलेलं तो खेळत होता, तो माणूस समोर पुरा बसलेला होता, एकही शब्द न हरवता, एकही सेकंद उशीर न करता. मग बेव्हने वाफाळती ताटली त्याच्यापुढे ठेवली. लायलने ती बघितली, बेव्हकडे बघितलं, आणि हळूच, परक्या घरात विचारावं तसं विचारलं, “हे माझ्यासाठी आहे का?”

दारापर्यंत सोडायला आलेली बेव्ह म्हणाली, “ते सगळं येतं त्याला. कधीही विचार.” आणि मग, “तुझी तब्येत बरी ना रे?”

“एकदम.”

“जिंका बाबा. त्याला कळेल की नाही कोण जाणे, पण जिंका.”

गाडीत बसल्यावर ड्वेनने सवयीने चार शहरं म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्यावर थांबला. कालपासून हीच त्याची मोजपट्टी होती. उठल्यावर, दात घासताना, शेरीशी बोलता बोलता आतल्या आत, दिवसातून कितीतरी वेळा त्याने ती लावून पाहिली होती आणि प्रत्येक वेळी हायसं वाटून घेतलं होतं. आता ती पट्टी त्याच्या हातात होती आणि तिच्यावर खुणाच नव्हत्या. चारही शहरं सगळ्यात शेवटी जातात. बाकीचं गाव वाहून गेल्यावरही ती उभी असतात. मग आधी काय जातं? त्याने आजचा नाश्ता आठवला. आठवला. गेल्या शनिवारचा? शेरीने परवा कुठलीशी गोष्ट सांगितली, ती त्याला नवीन वाटली होती. ती खरंच पहिल्यांदा सांगत होती, की तो विसरलाय हे ओळखून ती काही बोलली नव्हती? अशी घरातली एकेक फरशी ठोकत गेलं, की प्रत्येक ठिकाणी थोडं पोकळ वाजतं. कुणाच्याही घरात वाजेल. किती वाजलं म्हणजे जास्त, हे सांगणारी गोष्ट जगात एकच होती, जुलै महिन्यातला एक आकडा, आणि तो त्याने स्वतः बिघडवून ठेवला होता.

त्याच वेळी त्याला एक मार्ग दिसला, आणि तो इतका सरळ होता की भीतीने आखडलेले खांदे थोडे सैल पडले. उद्याची परीक्षा खरी द्यायची. जीव तोडून. त्याचा खरा आकडा पूर्वी ऐंशीच्या घरात असावा, निदान पंचाहत्तर. तेवढा आला तर बाईंच्या कपाळावर आठी पडेल, एकसष्टवाला माणूस एकदम ऐंशी कसा, लबाडी उघडी पडेल, पडू दे. निदान कळेल की आत सगळं जागेवर आहे.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता तो त्या खोलीत बसला. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून खालचं सरावाचं मैदान दिसायचं. परीक्षेच्या वेळी पडदा ओढायचे. डॉक्टर मिरियम आल्टर बारीक चणीच्या, पन्नाशीच्या. खिशात नेहमी एक आखूड पेन्सिल. “घाई नाही,” त्या म्हणाल्या आणि काचेपलीकडे जाऊन बसल्या. शब्द आले. त्याने एकेक शब्द हातात धरून पाहिला, जड वस्तू धरावी तसा. आकडे आले, ते त्याने उलटे करताना ओठ हलवले. चौकट निळी होती. लाल झाली की दाबायचं. तो पुढे वाकला, चेंडूवर वाकतो तसा, आणि त्याचं सगळं शरीर त्या एका बोटात गेलं. मनात एक म्हणायचं नाही, एवढं त्याने स्वतःला बजावलं होतं. तरी रंग बदलणं आणि बोट खाली जाणं यांच्यामध्ये काहीतरी होतं. तो एक म्हणत नव्हता, पण एक म्हणायला लागावी तेवढी जागा तिथे होती. पंचवीस मिनिटांनी तो उठला, तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

बाईंनी कागद बाहेर काढला, दुसऱ्या कागदाशेजारी ठेवला, आणि हसल्या.

“एकसष्ट. जुलैमध्येही एकसष्ट. सहा वर्षं बघतेय मी ड्वेन, तुझ्याइतका स्थिर माणूस या इमारतीत नाही.”

“एकसष्ट?”

“घाबरलास का? काहीसुद्धा झालेलं नाही तुला. जा, जिंकून ये.”

बाहेर कोच ओडेल भिंतीला टेकून उभे होते. त्याच्या हातातला कागद त्यांनी बघितला, घडी घातली, छातीच्या खिशात ठेवला, आणि त्याच्या खांद्यावर एकदा हात दाबून निघून गेले. त्यांच्या चालण्यात केवढं ओझं उतरलं होतं ते पाठीवरूनच दिसत होतं. जिन्यात तेव्हिन बसला होता, बूट बांधत.

“पास?”

“पास.”

“आळशी ना?” तेव्हिनने डोळा मारला.

“नाही,” ड्वेन म्हणाला. “जीव तोडून दिली. एकसष्टच आले.”

तेव्हिन हसला. हसता हसता त्याच्या हातातली नाडी थांबली. त्याने वर पाहिलं, आणि चोवीस वर्षांच्या त्या चेहऱ्यावर ड्वेनला आपलीच भीती उमटताना दिसली, पहिल्यांदाच बाहेर, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर.

“एवढं काय त्यात,” तेव्हिन भराभर म्हणाला. “तू विसरलास तर मी ओरडेन. परवा ओरडलो ना? कुणाला कळलं? नऊ दिवस म्हातारबा, एक मॅच. मग तू मासे पकडायला जा.”

“मागून डावीकडून आलेला तुला दिसत नाही.”

“दिसतो थोडा.”

“फेकायला वळलास की नाही दिसत. तो मला दिसतो. मी ओरडलो तर ओटिसला कळतो. नाही ओरडलो तर तो तुझ्या कानाखाली येतो, पूर्ण धावत.” ड्वेन एक पायरी खाली उतरून त्याच्या शेजारी बसला. “आणि मग तुला तिथे वर बसवतील. चौकट लाल होईल. आणि तू पास होशील, तेव्हिन. मी तुला पास व्हायला शिकवलंय.”

खाली कुणीतरी शिट्टी मारली. तेव्हिनने नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

“तू वर गेलास तर माझं नाव घेशील?” त्याने जमिनीकडे बघत विचारलं. “माझी आई येणार आहे मॅचला. पहिल्यांदा विमानात बसणार आहे.”

“तुझं तू सांगायचं,” ड्वेन म्हणाला. “पण सांग.”

तेव्हिन उठून खाली गेला. ड्वेन बसून राहिला. नऊ वर्षं मुरत आलेली भिंत, खिडक्यांतल्या निळ्या बाटल्या, ओडेलच्या खिशातला कागद. आता उठून खाली गेलं तर सगळं जागच्या जागी होतं. शरीराने वाकायचं होतं आणि शब्द बहुतेक येणारच होता. बहुतेक. तो उठला आणि वर गेला. दार उघडंच होतं. बाईंनी पडदा सारला होता आणि खोलीत बर्फाचा पांढरा उजेड भरला होता.

“काही विसरलास?” त्यांनी विचारलं.

“जुलैचा आकडा खोटा आहे,” तो म्हणाला. “मी मुद्दाम कमी दिला होता. दरवर्षी. अकरा वर्षं.”

बाईंनी दोन्ही कागद पुन्हा शेजारी शेजारी ठेवले, दोन सारख्या आकड्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून हसू इतकं सावकाश गेलं की ते जाताना त्याला बघावं लागलं. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

“मग खरा किती होता, ड्वेन?”

खाली मैदानावर कुणीतरी त्याच्या जागी वाकलं होतं. “ऑल्बनी!” असं कोवळ्या गळ्यातून ऐकू आलं, आणि पाच जण बर्फावरून उजवीकडे सरकल्याचा आवाज. बाई पेन्सिल धरून थांबल्या होत्या. त्याला सांगायचं होतं. ऐंशी, असं तो म्हणणार होता, किंवा पंचाहत्तर, पण ते त्याने गाडीत बसून ठरवलेले आकडे होते. खरा आकडा एकाच माणसाला माहीत असण्याची शक्यता होती. तो माणूस दर जुलैला येऊन याच खुर्चीवर बसायचा, रंग बदललेला त्याला लखकन दिसायचा, आणि तो मनात एक म्हणून मग बटण दाबायचा.